पुढचा अ‍ॅक्सल बदलला आणि हब तापू लागले

प्रश्न : माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह असलेली जुनी जीप आहे. तिचा ड्रम ब्रेकचा पुढचा अ‍ॅक्सल काढून मी डाना-४४ प्रकारचा, डिस्क ब्रेकचा, वापरलेला अ‍ॅक्सल बसवून घेतला. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) मात्र जुनाच आहे. आता तीसेक किलोमीटर गेल्यावर पुढचे दोन्ही हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, हात टेकवता येणार नाही इतके तापतात आणि उजव्या हबमधले ग्रीस पातळ होऊन रिमवर उतरले आहे. मेकॅनिकने भरपूर ग्रीस भरून बेअरिंगांचे नट आणखी आवळले, तर तापणे वाढलेच. बेअरिंगे बदलावीत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बेअरिंगे बदलण्याची घाई करू नये. आपल्या पत्रातला सर्वांत उपयोगी शब्द ‘दोन्ही’ हा आहे. एकच हब तापत असता तर अडकलेला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा खराब झालेले बेअरिंग असा संशय घेतला असता. पण दोन्ही बाजू एकदम तापतात तेव्हा दोघींना समाईक असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे मास्टर सिलिंडरकडे आणि नट आवळणाऱ्या हाताकडे, आधी पाहावे लागते.

उष्णता ब्रेकची की बेअरिंगची, हे घाट उतरून आल्यावर कळणार नाही, कारण तेव्हा डिस्क तापणे स्वाभाविकच असते. सपाट रस्त्यावर ब्रेक शक्यतो न लावता गाडी चालवावी, ती आपोआप थांबू द्यावी आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क व हबचा मध्य वेगवेगळे मोजावेत. डिस्क जास्त गरम असेल तर ब्रेक धरून राहत आहेत. हबचा मध्य जास्त गरम असेल तर दोष बेअरिंगच्या बाजूला आहे.

मला स्वतःला ब्रेकचाच संशय अधिक आहे. ड्रम ब्रेकच्या अनेक जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पेडल सोडल्यावरही पाइपात सुमारे १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब राखतो. ड्रमचे शू मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असल्यामुळे तिथे हा दाब चालून जातो. डिस्कच्या पॅडना तशा स्प्रिंगा नसतात, त्यामुळे ते डिस्कला घासत राहतात. पुशरॉडला, म्हणजे पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या दांड्याला, मोकळी चाल उरली नसेल तरीही परिणाम हाच होतो, कारण ब्रेक ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि तापून फुगलेले ऑइल पॅड आणखी दाबते.

खात्री करून घेण्यासाठी ब्रेकने चाके धरून ठेवलेली असतानाच जीप घोडीवर चढवावी आणि मास्टर सिलिंडरपाशी पाइपाचा नट किंचित सैल करावा. चाके लगेच मोकळी झाली तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पुशरॉडचा. तेवढ्याने ती सुटली नाहीत, पण कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडताच सुटली, तर होज, म्हणजे ब्रेकची रबरी नळी, आतून फुगून बंद झालेला आहे. निपल उघडूनही चाक जड राहिले, तर कॅलिपरचा पिस्टन, त्याच्या सरकत्या पिना किंवा बेअरिंग यांच्याकडे वळावे. नंतर ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला विसरू नये.

यावरचा खरा उपाय म्हणजे पुढे डिस्क आणि मागे ड्रम यांसाठीच बनवलेला मास्टर सिलिंडर बसवणे. तो जुन्या जागी, फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर राहणार असेल, तर पुढच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह द्यावा, नाहीतर ऑइल मागे उतरते आणि पेडल खोल जाते.

बेअरिंगांची बसवणूकही पुन्हा करावीच लागेल, कारण हबमधली कोन बेअरिंगे नुसती आवळत नेण्याची वस्तू नव्हे. हब फिरवत फिरवत आतला नट सुमारे ५० फूट-पौंडांपर्यंत आवळावा, म्हणजे कोन कपात नीट बसतात, मग तो साधारण पाव फेरा सैल करून लॉक वॉशर व बाहेरचा चेकनट लावावा. शेवटी हबला अगदी बारीक खेळ उरला पाहिजे: डायल गेजवर ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान. नेमके आकडे आपल्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलवरून पडताळून घ्यावेत. ग्रीस रोलरांच्या मधून आरपार निघेल इतके भरावे, पण हबची पोकळी ठासू नये; जास्तीचे ग्रीस घुसळले जाऊन उलट उष्णताच वाढवते. जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढावे, कारण भिन्न जातींची ग्रीसे मिसळली की ती पातळ होऊ शकतात.

उजव्या हबचे ऑइल सील मात्र आता बदलाच, आणि पॅडवर ग्रीस गेलेले दिसले तर ते पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नयेत. दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी नवे घालावेत.