आजोबांची ट्रंक रद्दीत देऊ नका

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आतापर्यंत ७८ टक्के, कॅटमध्ये ८१ पर्सेंटाइल. माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात ३१ वर्षं टाइमकीपर होते. त्यांच्या हजेरीच्या वह्यांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर पडून होती. ती उघडल्यापासून मुलीने 'मॅनेजमेंटचा इतिहास' या विषयात पीएच.डी. करायचं डोक्यात घेतलंय. मी पुण्यात एका खासगी संस्थेत एमबीए-एचआरसाठी १२ लाखांचं कर्ज काढायला तयार आहे, ती नाही म्हणते. मी स्पष्ट सांगितलंय, एमबीए कर, नाहीतर स्थळं बघायला घेतो. दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक रद्दीत जाईल, म्हणजे विषयच संपेल. इतिहास म्हणजे पाठांतर, त्याचा मॅनेजमेंटशी काय संबंध? या विषयात पोट भरतं का? तिला तुम्हीच समजवा.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातला टक्के-पर्सेंटाइलचा भाग मी एकदा वाचला, ट्रंकेची ओळ तीनदा. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ट्रंक रद्दीत देऊ नका. मुलीने उद्या एमबीए केलं तरी देऊ नका. टाइमकीपर म्हणजे कारखान्यातला असा माणूस, की पाळी सुरू झाल्याचा भोंगा झाल्यावर कोण आत आला, कोण उशिरा आला, कुणाचा अर्धा दिवस कापला, उक्त्या कामाचा, म्हणजे नगावर मोजल्या जाणाऱ्या कामाचा, दर कधी बदलला, ओव्हरटाइम कुणाला मिळाला, हे सगळं ज्याच्या हातून कागदावर उतरायचं. कंपन्या संचालक मंडळाचे ठराव जपून ठेवतात, ताळेबंद छापून ठेवतात. हजेरीचे तक्ते मात्र मुदत संपली की जाळले जातात किंवा वजनावर विकले जातात. ३१ वर्षांच्या नोंदी एका माणसाच्या अक्षरात, एका ठिकाणी शिल्लक आहेत, ही या विषयात फार दुर्मीळ गोष्ट आहे. रद्दीवाला किलोवर पैसे देईल आणि ते कागद जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत.

आता तुमच्याबद्दल. 'एमबीए कर, नाहीतर स्थळं बघतो' हे वाक्य तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून त्यावर बोलायचा मला अधिकार आहे. लग्न ही मुलीला न ऐकल्याबद्दल द्यायची शिक्षा नव्हे. उद्या तिचं लग्न खरंच ठरेल तेव्हा तिच्या मनात ते या धमकीला चिकटलेलंच राहील. आणि धमकीखाली घेतलेल्या एमबीएचं काय होतं तेही ऐका. मुलगी पहिल्या सेमिस्टरला वर्गात बसते, समर इंटर्नशिपला जी मिळेल ती कंपनी घेते, प्लेसमेंटच्या मुलाखतीत 'एचआरच का?' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. मुलाखत घेणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं. १२ लाखांवर १० टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १९,९०० रुपये बसतो, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. तो हप्ता तुमच्या दोघांपैकी कुणाला भरावा लागेल, याचा हिशोब पत्रात कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. मुलगी नाही म्हणते, एवढंच तुम्ही लिहिलंत. ती का नाही म्हणते, ट्रंकेत तिला नेमकं काय सापडलं, कोणती वही ती पुन्हा पुन्हा उघडते, याची एक ओळही पत्रात नाही. ते तुमच्या वडिलांच्या हातचं अक्षर आहे. तुम्ही एकदाही तिच्या शेजारी बसून ते वाचलेलं दिसत नाही.

'इतिहास म्हणजे पाठांतर, त्याचा मॅनेजमेंटशी काय संबंध' असा सूर पत्रभर आहे. हा गैरसमज नीट सोडवायला हवा, कारण पाठांतर तर आपण मॅनेजमेंटचं करतो. कॉमर्सच्या बारावीत मॅनेजमेंटच्या आद्य विचारवंतांची, म्हणजे टेलरची तत्त्वं आणि फेयॉलची १४ तत्त्वं मुलांकडून घोकून घेतली जातात. टेलरची प्रसिद्ध गोष्ट अशी : १८९९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम स्टील कंपनीत मजूर कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाघिणीत चढवत. एक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ४२ किलोचा. एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरने शास्त्रीय पद्धतीने 'श्मिट' नावाचा माणूस निवडला, काम कधी करायचं आणि विसावा कधी घ्यायचा हे त्याला सांगितलं, रोज १.१५ डॉलरऐवजी १.८५ डॉलर दिले आणि तो साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. ही गोष्ट जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. १९७४ साली चार्ल्स रेगी आणि अमेडिओ पेरोनी या अभ्यासकांनी टेलरच्या हाताखालच्या गिलेस्पी आणि वोल यांचा मूळ अहवाल आणि त्या वेळची कागदपत्रं काढून एकेक आकडा ताडून पाहिला. श्मिटचं खरं नाव हेन्री नोल. टेलरने वेगवेगळ्या वेळी ही गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलेली. दिवसाचं प्रमाण कसं ठरलं? दहा दणकट माणसांकडून पूर्ण जोरात थोडा वेळ काम करून घेतलं, त्यावरून दिवसभराचे ७५ टन काढले आणि विसाव्यासाठी ४० टक्के वजा करून ४५ टन धरले. ते ४० टक्के कुठून आले, याला मोजमापाचा आधार नव्हता. आज कुठल्याही कंपनीत 'टार्गेट' ठरतं तेव्हा मागे हाच प्रश्न उभा असतो : हा आकडा कुणी मोजला, की कुणी धरला? मॅनेजमेंटचा इतिहासकार हे काम करतो. संस्थापकांची गौरवगाथा लिहिणं किंवा कंपनीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढणं हे वेगळं काम आहे, आणि दोन्ही एकच आहेत असं मुलीलाही वाटत असेल तर तिने आत्ताच ते मनातून काढावं.

तुमच्या वडिलांच्या वहीकडे आता याच नजरेने बघा. एखाद्या महिन्यात उक्त्या कामाचा दर उतरला असेल, तर पुढच्या दोन आठवड्यांत गैरहजेरी वाढली का? सुगीच्या दिवसांत कोणत्या खात्यातली माणसं गावी जायची आणि साहेब त्यांना सांभाळून घ्यायचे की खाडे मांडायचे? हे प्रबंधाचे प्रश्न आहेत. घरच्या अडगळीतून असं काम निघत नाही, असंही समजू नका. या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव आल्फ्रेड चँडलर. त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता त्यांचे पणजोबा हेन्री व्हार्नम पुअर, अमेरिकी रेल्वे कंपन्यांचे विश्लेषक. त्यांचे कागद चँडलरना नात्यातल्या आजीच्या घरी सापडले. पुढे चँडलर हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाले आणि १९७८ साली इतिहासासाठीचं पुलित्झर मिळवलं. शिक्षणाने ते इतिहासकार होते, एमबीए नव्हते. आपल्याकडे द्विजेंद्र त्रिपाठी १९६४ पासून अहमदाबादच्या आयआयएममध्ये उद्योगांचा इतिहास शिकवत होते. तेही इतिहासाकडून आलेले.

पोट भरतं का, याचं उत्तर गोड करून सांगणार नाही. 'मॅनेजमेंटचा इतिहास' या नावाने प्राध्यापकपदाची जाहिरात भारतात निघेल अशी आशा धरू नये. नोकरी मिळते ती स्ट्रॅटेजी, संघटनात्मक वर्तन किंवा आर्थिक इतिहास शिकवणारी म्हणून. म्हणजे तिला दोन पायांवर उभं राहावं लागेल : एक विषय वर्गात शिकवण्यापुरता पक्का आणि दुसरा संशोधनाचा. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, प्रत्यक्षात पाच धरा. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण महाराष्ट्रात तिथे पोचायच्या आधी कित्येकांची वर्षं तासिका तत्त्वावर, सीएचबीवर जातात. मॅनेजमेंट संस्थांत आणखी एक अडचण आहे. नेमणूक शोधनिबंध मोजून होते. प्रश्नावली भरून घेणारा सहकारी वर्षाला दोन निबंध काढतो, दप्तरखान्यात बसणाऱ्याला एकालाच दोन वर्षं लागतात. आणि गाइड चुकीचा मिळाला तर तो तिलाही दोनशे लोकांकडून एक ते पाच गुणांची प्रश्नावली भरून घ्यायला लावेल, कारण त्याने स्वतः कधी दप्तरखाना पाहिलेला नसतो. या विषयात विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा, हे तिने लिहून ठेवावं.

प्राध्यापकीशिवायही एक वाट आहे आणि पालकांना ती सहसा माहीत नसते. मोठे उद्योगसमूह स्वतःचे अभिलेखागार चालवतात. टाटांचं पुण्यात आहे, गोदरेजचं विक्रोळीत, रिझर्व्ह बँकेचंही पुण्यातच. तिथे कागद ओळखणारी, लावणारी, जपणारी माणसं लागतात. राष्ट्रीय अभिलेखागार दिल्लीत या कामाची एक वर्षाची पदविका चालवतं. जागा थोड्या, पण उमेदवारही थोडेच.

परीक्षांबद्दल एका ओळीत : नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना एम.ए.ला ५५ टक्के हवेत, आयआयएमच्या पीएच.डी.ला कॅट, जीआरई, गेट किंवा जेआरएफ चालते, ८१ पर्सेंटाइल तिथे पुरणार नाही.

मग आता काय? माझा सल्ला तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. यंदा एमबीए नको आणि पीएच.डी.चं नावही नको. तिने एम.ए. करावं, इतिहासात किंवा अर्थशास्त्रात. बी.कॉम.मुळे ताळेबंद वाचता येतो, तो तिचा मोठा फायदा आहे. हे काम करणाऱ्या इतिहासाच्या कित्येक विद्यार्थ्यांना घसारा म्हणजे काय हेही नीट कळत नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या व्यापाऱ्यांची रोजकीर्द आणि खतावणी वाचायची तर मोडी लिपी लागेल. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं, सुट्टीत एक करून टाकावा.

एम.ए.ला प्रवेश घेण्याआधी मात्र चार महिन्यांची परीक्षा तिने स्वतःची स्वतः घ्यावी. ट्रंकेतल्या फक्त एका वर्षाच्या हजेरीवर चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा. त्याला बाहेरचा पुरावा हवाच, नुसत्या घरच्या वहीवर लिहिलेलं कुणी मान्य करणार नाही. मुंबईच्या लेबर ऑफिसचं, म्हणजे सरकारी कामगार कार्यालयाचं, 'लेबर गॅझेट' १९२१ पासून निघत होतं, त्यात मजुरी, संप, महागाईचे आकडे मिळतात. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात दहा दिवस जाऊन बसावं. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. मागणीची चिठ्ठी भरायची, फाइल यायची वाट बघायची, एखाद्या दिवशी फाइल येतच नाही. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर आधी विभाग, खंड, फाइल क्रमांक आणि पान लिहायचं, मग मजकूर. 'नंतर लिहीन' म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच वाया जातं. सुंदर उतारा वहीत असतो, पण तो कुठून घेतला ते सांगता येत नाही, आणि मग तो प्रबंधात वापरताही येत नाही. दहाव्या दिवशी तिला घरी जावंसं वाटलं तर हा विषय तिचा नाही. अकराव्या दिवसाची परवानगी मागावीशी वाटली, तर तिच्या वाटेत उभे राहू नका. कंपनीच्या अभिलेखागारात प्रवेश हा हक्क नसतो, लेखी परवानगी लागते आणि ती नाकारलीही जाते. म्हणून उद्या प्रबंध एका कंपनीच्या कागदांवर कधीही बेतू नये.

ट्रंकेबद्दल नीट सूचना देते, कारण पावसाळे बरेच झालेत. कागद बाहेर काढताना त्यांचा क्रम मोडू नका. कोणती वही कुठल्या वहीखाली होती, यालाही अर्थ असतो. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या आणि साध्या वहीत नोंद करा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा, ओढू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्ही कायमचं नुकसान करतात. उन्हात वाळवू नका, पंख्याखाली सावलीत पसरा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. ट्रंक माळ्यावरून खाली आणा पण जमिनीवर ठेवू नका. सांगली भागातले असाल तर २०१९ चा पूर आठवत असेल. प्रत्येक पानाचा फोटो वरून सरळ घ्या, फाइलच्या नावात गठ्ठा आणि पान क्रमांक टाका, दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. लोकांची नावं, पगार, शिक्षा त्या वहीत असणार. ते काहीही फेसबुकवर टाकायचं नाही, हे तिला बजावून सांगा.

वडिलांबरोबर काम केलेले दोघे-तिघे अजून गावात असतील. ऐंशीच्या पुढचे असतील. कागद आणखी वर्षभर थांबतील, ती माणसं थांबतीलच असं नाही. या रविवारी मुलीला घेऊन त्यांच्यापैकी एकाकडे जा. तुम्ही बरोबर असलात तर ते मोकळेपणी बोलतील, ती एकटी गेली तर चहा देऊन पाठवतील. विचारून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नको. 'तेव्हा कसं वाटायचं?' असं विचारलं तर 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येईल. भोंगा किती वाजता व्हायचा, किती मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस जायचा, हजेरीच्या वहीत लाल शाई कुणाच्या नावापुढे पडायची, हे विचारा. आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्या.