प्रश्न: लिनक्स-मॅक वापरणारे कमी, म्हणून त्यांना व्हायरस लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. उरलेल्या अर्ध्यावरून माझं आणि दादाचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून लिहितो.

म्हापशात आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले तेव्हा दादाने काउंटरच्या मशीनवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. कारण एकच, कॉलेजच्या पोरांचे पेनड्राईव्ह. फोल्डर लपवून त्या जागी खोटे शॉर्टकट ठेवणारा शॉर्टकट व्हायरस ज्याने भोगलाय त्याला वेगळं सांगायला नको. मिंटमध्ये तेच पेनड्राईव्ह लावले की लपवलेले फोल्डर उघडे दिसायचे, शेजारी त्याच नावाच्या चिमुकल्या एलएनके फाइली (तेच खोटे शॉर्टकट) आणि एखादी व्हीबीएस, म्हणजे व्हायरसची स्क्रिप्ट. एका मुलीचं प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी असंच हाती लागलं, ती काउंटरवरच रडली. तेव्हापासून दादाचं पालुपद: ‘आपल्याला काही लागत नाही.’

मग डिचोलीकडच्या एका देवस्थानच्या जत्रेची पत्रिका आली. नाटकाचे फोटो मंडळातल्या एका पोराने पेनड्राईव्हवर आणले. काम संपल्यावर देवस्थानच्या कारकुनाला मी अख्खा फोल्डर कॉपी करून दिला. त्यात ती व्हीबीएसही गेली. त्यांच्या ऑफिसात विंडोज. शॉर्टकटवर क्लिक झालं आणि जत्रेच्या पावत्यांचा हिशोब ज्या पेनड्राईव्हवर होता, तोही गायब झाला. दोन संध्याकाळी तिथे बसून, लपवलेल्या फाइली उघड करणारी अॅट्रिब कमांड मारून मी सगळं परत दाखवून दिलं. दादा म्हणाला, ‘त्यांनी विंडोज वापरावीच कशाला?’ हे मला आजही पटत नाही. आपल्या हातून गेलेली घाण आपलीच.

आता तुमचा प्रश्न. चोर गर्दीच्या बाजारात शिरतो, एवढं खरं. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज जास्त, म्हणून व्हायरसही तिथले जास्त. पण सर्व्हरच्या बाजारात गर्दी लिनक्सचीच आहे, आणि तिथे हल्ले होतातच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर कंपनीचेच पासवर्ड वापरून ताब्यात घेतले. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाचा असाच प्रोग्राम जावा या सॉफ्टवेअरच्या एका भोकातून सुमारे ६ लाख मॅकमध्ये शिरला. लिनक्सचा खरा फायदा वेगळा आहे: सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या (मिंटसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) भांडारातून येतं, उतरवलेली फाइल परवानगी दिल्याशिवाय सहसा चालत नाही, आणि रोजचं काम रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून होत नाही.

हां, तुमच्या स्वतःच्या फाइली लॉक करायला रॅन्समवेअरला (फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला) रूट लागतच नाही. बँकेच्या खोट्या पानावर ओटीपी टाकलात तर कुठलीच सिस्टिम वाचवणार नाही. आणि अपडेट न केलेल्या लिनक्सपेक्षा अपडेट केलेली विंडोज मी कधीही घेईन.

आमच्या मिंटवर मी क्लॅमएव्ही हे अँटीव्हायरस बसवलंय. दादाला तो वेळेचा अपव्यय वाटतो. गिऱ्हाइकाला पेनड्राईव्ह परत देण्याआधी मी तो स्कॅन करतोच, रांग दारापर्यंत गेली तरी.