ट्रेड डेडलाइनच्या तोंडावर मुख्य गार्ड जायबंदी झाला, तर एनबीएतला संघ काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला तुमचा संघ मस्त चाललाय, ट्रेड डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला, दोन-तीन आठवडे उरलेत आणि पॉइंट गार्डचा गुडघा गेला. आता दुसरा गार्ड आणायचा, की आहेत त्यांच्यावरच भागवायचं? आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय, की डेडलाइनचा विषय निघाला की लोक शिकागो बुल्सला का हसतात. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. मी बुल्सवाला आहे, त्यामुळे मध्येच सूर चढला तर सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या डेडलाइनला हात न हलवणं अनेकदा बरोबर असतं. पण तीच दुखापत पुढे करून पुढच्या वर्षीही तेच केलं, तर त्याला संयम म्हणत नाहीत.

2021च्या ऑगस्टमध्ये बुल्सनी न्यू ऑर्लिन्सकडून लोंझो बॉलला आणलं, चार वर्षांसाठी सुमारे 8 कोटी डॉलरवर. (या बोलणीला मुदतीआधीच सुरुवात केली म्हणून लीगने त्यांचा एक दुसऱ्या फेरीचा पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक ड्राफ्टमधला हक्कही काढून घेतला.) त्याच सुमारास लेकर्सकडून ॲलेक्स करूसो आणि सॅन अँटोनियोहून डीमार डेरोझन आला. झॅक लाविन आणि निकोला वुचेविच आधीपासून होतेच. जानेवारीच्या मध्यावर संघ 27-13 (27 विजय, 13 पराभव) असा, पूर्व विभागात अव्वल. 14 जानेवारी 2022 ला गोल्डन स्टेटविरुद्ध लोंझो खेळला आणि त्यानंतर दोन वर्षं नऊ महिने एनबीएच्या सामन्यात उतरला नाही. डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) फाटला होता. आठवड्याभरात मिलवॉकीत करूसो ले-अपसाठी (रिंगजवळून चेंडू टाकायला) हवेत असताना ग्रेसन ॲलनने त्याला खाली ओढलं आणि त्याचं मनगट मोडलं. ॲलनला एका सामन्याची बंदी झाली, करूसो मार्चपर्यंत बाहेर. डेडलाइन होती 10 फेब्रुवारीला.

पॉइंट गार्ड गेला म्हणजे चेंडू पुढे नेणारा माणूस गेला, असं वरवर वाटतं. लोंझोचं काम वेगळंच होतं. तो हाफ कोर्टमध्ये, म्हणजे संथपणे मांडलेल्या हल्ल्यात, चेंडू हातात घेऊन फारसा खेळायचाच नाही, ते डेरोझन आणि लाविन बघायचे. प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकला की लोंझो स्वतः रिबाउंड घ्यायचा आणि ड्रिबल न करता तिथूनच, कधीकधी अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे, धावत्या लाविनच्या हातात चेंडू फेकायचा. समोरच्यांचे दोघे अजून वळलेलेसुद्धा नसायचे. बाकी वेळ तो बाहेर उभा राहून थ्री (लांबून तीन गुणांचा नेम) मारायचा, आणि त्या मोसमात त्याचे 42 टक्क्यांवर थ्री गेले. बचावात तो आणि करूसो समोरच्या गार्डला रिंगपासून पार लांबच अडवायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यांच्यामागे उभे असलेले डेरोझन, लाविन आणि वुचेविच, तिघांपैकी एकही बचावासाठी ओळखला जात नाही. पहिली फळी फुटली की पिक-अँड-रोलमध्ये (साथीदाराने बचावपटूची वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळं करायचा डाव) वुचेविच एकटा सापडायचा. पुढचे दोन महिने आम्ही सकाळी साडेसहाला चहा घेऊन हेच बघत बसलो.

मग बदली गार्ड का नाही आणला? दोन कारणं. एक, तिजोरी रिकामी होती. एनबीएत ट्रेडचं खरं चलन म्हणजे पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक, आणि लागोपाठच्या दोन वर्षांचे असे पिक हातचे घालवता येत नाहीत असा नियम आहे. बुल्सचा 2023चा पिक वुचेविचपायी ऑर्लँडोकडे गेलेला, 2025चा डेरोझनपायी सॅन अँटोनियोकडे. म्हणजे मधलं वर्षही अडकलं. पोर्टलँडकडून मिळालेला एक पिक होता, पण तो पोर्टलँड प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेरीला) पोचलं तरच हाती येणार होता. शिवाय पगार जुळवावा लागतो: दोन कोटींचा खेळाडू हवा तर जवळपास तेवढ्याचे खेळाडू द्यावे लागतात. जखमी लोंझोचा पगार तर कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) जागा अडवून बसलेलाच. आणि तुमचा गार्ड गेलाय हे सगळ्या लीगला माहीत असतं. अडला हरी म्हटल्यावर समोरचा किंमत वाढवणारच.

दुसरं कारण म्हणजे डॉक्टरांनी दिलेली तारीख. 28 जानेवारीला शस्त्रक्रिया झाली आणि सहा ते आठ आठवडे सांगितले. प्लेऑफ एप्रिलच्या मध्यात. म्हणजे हिशोबाने लोंझो मार्चअखेर परत आणि प्लेऑफच्या आधी लय पकडायला पंधरा दिवस हातात. ही तारीख खरी मानली तर आपला एकमेव तरुण फॉरवर्ड पॅट्रिक विल्यम्स किंवा कोबी व्हाइट देऊन दोन महिन्यांसाठी गार्ड आणणं हा वेडेपणाच होता. म्हणून 2022ला संघाचा प्रमुख आर्तुरस कार्निशोवास गप्प बसला, तेव्हा मी त्याच्या बाजूने भांडलो होतो आणि आजही भांडेन.

मधल्या काळात भागवलं कसं, तर अयो डोसुनमूवर. शिकागोचाच मुलगा, इलिनॉय विद्यापीठातून आलेला, दुसऱ्या फेरीत 38व्या क्रमांकावर निवडलेला. पहिल्याच वर्षी त्याला थेट सुरुवातीच्या पाचात उभं केलं. डेरोझनने तर फेब्रुवारीत कहर केला. लागोपाठ आठ सामन्यांत 35 किंवा त्याहून जास्त गुण आणि तेही किमान निम्मे नेम साधून, विल्ट चेंबरलेनचा विक्रम मोडला त्याने. पण एका माणसाच्या खांद्यावर संघ दोन-तीन आठवडे निघतो, दोन महिने नाही. शेवटी 46-36, सहावा क्रमांक, आणि पहिल्याच फेरीत मिलवॉकीकडून 4-1.

मार्चमध्ये लोंझोने वेगाने धावायचा प्रयत्न केला की गुडघा दुखायचा. सराव थांबवला, पुन्हा सुरू केला, तरी तेच. एप्रिलमध्ये मोसम संपल्याचं जाहीर झालं. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी त्याने पत्रकारांना सांगितलं ते मी विसरत नाही: गुडघा साधारण 30 ते 60 अंशांत वाकला की त्यात जोरच राहत नाही, आणि जिना चढतानाही दुखतं. बास्केटबॉलमध्ये बचावाचा पवित्रा घेतला की गुडघा नेमका त्याच कोनात असतो. इथे कुणालाही कळायला हवं होतं, की आता हा माणूस गृहीत धरून संघ बांधता येणार नाही.

तरी 9 फेब्रुवारी 2023च्या डेडलाइनला बुल्सनी पुन्हा काहीच केलं नाही. घेतलं नाही आणि विकलंही नाही. त्यानंतर बायआउटच्या बाजारातून पॅट्रिक बेव्हर्लीला आणलं. बायआउट म्हणजे संघाशी तडजोड करून करारातून मोकळा झालेला खेळाडू, जो 1 मार्चपर्यंत सुटला तर नव्या संघाकडून प्लेऑफही खेळू शकतो. त्याला किमान पगारात घेता येतं, बदल्यात काही द्यावं लागत नाही. बेव्हर्लीही शिकागोचाच, तोंडाळ आणि चिवट. ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत 26-33 असलेला संघ उरलेले सामने 14-9 असा खेळला. फुकटात आलेल्या, पस्तिशीकडे झुकलेल्या गार्डने एवढा फरक पाडला, तर वेळेवर खरा गार्ड आणला असता तर? प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीचे सामने) टोरोंटोला हरवलं (डेरोझनची मुलगी टोरोंटोच्या प्रत्येक फ्री थ्रोला किंचाळत होती आणि त्यांनी 36 पैकी 18 चुकवले, हा सामना आठवला की अजून हसू येतं), आणि मग मायामीने घरी पाठवलं. तोवर लोंझोची तिसरी शस्त्रक्रिया, कूर्चा प्रत्यारोपणाची, झालेली होती.

तुमच्या प्रश्नात नसलेला एक नियम इथे सांगायला हवा. खेळाडू 15 जूनपर्यंत परतण्याची शक्यता नाही असं लीगच्या डॉक्टरने मान्य केलं, तर संघाला कॅपच्या पलीकडे जाऊन एक बदली खेळाडू घ्यायची सवलत मिळते. तिची मर्यादा त्याच्या निम्म्या पगाराएवढी किंवा मिड-लेव्हल सवलतीएवढी (कॅपवर गेलेल्या संघांना दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम), यातली जी कमी असेल ती. लोंझोमुळे 2023-24 साठी बुल्सना अशी 1 कोटी 2 लाख डॉलरची सवलत मिळाली. ती वापरलीच नाही, कारण वापरली असती तर लक्झरी टॅक्सच्या (पगार फार वाढले की लीगला भरायचा दंड) रेषेपलीकडे जावं लागलं असतं. बुल्सनी आजवर हा टॅक्स एकदाच भरलाय, 2012-13 मध्ये. शिकागोसारख्या शहरातल्या संघाने पैशाची अशी काटकसर करावी याचा राग मला दुखापतीपेक्षा जास्त आहे.

आणि मग 2024ला उलटाच खेळ झाला. या वेळी बुल्सना लाविन विकायचा होता. पाच वर्षांचा 21.5 कोटी डॉलरचा करार, गिऱ्हाईक आधीच कमी. 8 फेब्रुवारीच्या डेडलाइनच्या पाच दिवस आधी जाहीर झालं, की त्याच्या उजव्या पायाची शस्त्रक्रिया होणार आणि मोसम संपला. जखमी खेळाडू विकता येत नाही असं नाही. पण ट्रेडनंतर नवा संघ स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतो आणि त्यात खेळाडू नापास झाला तर सौदा मोडू शकतो. 2023ला पोर्टलँडकडून गोल्डन स्टेटला गेलेला गॅरी पेटन दुसरा असाच तपासणीत नापास झाला होता. वॉरियर्सनी कुरकुर करत का होईना, सौदा राखला. लाविनच्या पायावर उरलेल्या तीनहून अधिक वर्षांचा पगार लावून पाण्यात म्हैस, वर मोल करायला कुणीच तयार नव्हतं. लागोपाठ तिसरी डेडलाइन कोरडी. विनोद सुरू झाले ते इथून.

खरं तर त्या मोसमात दुखापतीतून एक चांगली गोष्टही निघाली. नोव्हेंबरअखेर लाविन बाहेर बसल्यावर चेंडू कोबी व्हाइटच्या हातात आला, आणि आदल्या वर्षी सरासरी 9.7 गुण करणारा हा मुलगा 19.1 वर गेला. प्ले-इनमध्ये अटलांटाविरुद्ध त्याने 42 ठोकले. दोन वर्षांपूर्वी घाईत गार्ड आणण्यासाठी त्याला देऊन टाकलं असतं, तर हे दुसऱ्याच जर्सीत बघावं लागलं असतं. जाणकार संघ अशा वेळी आधी आपल्याच बेंचवर बघतात, ते यासाठी.

शेवट कसा झाला तेही सांगतो. करूसो जून 2024 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला, जॉश गिडीच्या बदल्यात, पिक एकही न घेता, आणि पुढच्याच वर्षी तिथे विजेता झाला. लाविनला फेब्रुवारी 2025 मध्ये सॅक्रामेंटोला पाठवलं आणि त्यातून बुल्सना पिकच्या नावाने काय मिळालं, तर स्वतःचाच 2025चा पिक परत. लोंझो ऑक्टोबर 2024 मध्ये खरंच परतला, मोजक्या मिनिटांत बरा खेळलाही, आणि 2025च्या उन्हाळ्यात आयझॅक ओकोरोच्या बदल्यात क्लीव्हलँडला गेला.

तुमच्या संघापुरतं म्हणाल, तर पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्या पत्रकातले शब्द नीट वाचा. 'चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी' याचा अर्थ चार आठवड्यांनी परत येणार असा नसतो. त्या दिवशी फक्त पुढची तारीख कळते. मोसमानंतर करार संपणाऱ्या एखाद्या अनुभवी गार्डला दुसऱ्या फेरीच्या एक-दोन पिकांवर घेतलं, तर त्यांना तारखेवर थोडाफार विश्वास आहे असं समजा. पहिल्या फेरीचा पिक निघाला, तर डॉक्टरांनी आत काहीतरी वेगळं सांगितलंय. आणि काहीच नाही झालं तर लगेच शिव्या घालू नका, 1 मार्चपर्यंत बायआउटवाले यायचे असतात. डेडलाइन आपल्याकडे शुक्रवारी पहाटे दीडला संपते, पण आधी ठरलेल्या सौद्यांच्या बातम्या त्यानंतरही थोडा वेळ झिरपत राहतात. दीडला फोन ठेवून झोपू नका.