पाय आंबले, पीठ आंबलं. द्राक्षरस मात्र आंबू नये

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्या नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या, "पाय आंबले असतील, गरम पाण्यात सोडून बस." संध्याकाळी दहावीतल्या मुलाचा विज्ञानाचा धडा घेताना त्यांनी वाचलं, की ऑक्सिजन कमी पडला की स्नायूंच्या पेशी विनॉक्सिश्वसन करतात, लॅक्टिक आम्ल साठतं आणि थकवा येतो. ताई विचारतात: म्हणजे जुन्या बायकांना हे ठाऊक होतं की काय? आणि ठाऊक होतं, तर पुस्तकाला या क्रियेसाठी 'किण्वन' (फर्मेंटेशन) हा जडशीळ शब्द कशाला हवा, सरळ 'आंबणे' का नाही?

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं जरा लांब आहे, पण द्राक्षांच्या मुलुखात ते चटकन पटेल.

'आंबणे'चं मूळ संस्कृत 'अम्ल'. प्राकृतात त्याचं 'अंब' झालं; आंबट, आंबील, आंबोळी ही त्याचीच पिलावळ. (झाडावरचा आंबा या घरातला नाही. तो 'आम्र'चा; प्राकृतात दोघांचा उच्चार एकसारखा झाला एवढंच.) आता हा शब्द पायांत कसा उतरला? मला वाटतं, आंबटपणामुळे नव्हे, सैलपणामुळे. पीठ आंबलं की त्याचा ताठा जातो, ते फुगून ढिलं पडतं. दिवसभर उन्हात राबलेल्या अंगाचंही तेच होतं. माणसाचं वर्णन करायला मराठी सारखी स्वयंपाकघरात धावते: मन विटतं, माणूस मुरतो, कट शिजतो. तसं अंग आंबतं. त्यात रसायनशास्त्र शोधायला जाऊ नये.

गंमत म्हणजे शास्त्रानं हाच प्रवास केला. शेले या रसायनशास्त्रज्ञाला १७८० मध्ये लॅक्टिक आम्ल आंबलेल्या दुधात सापडलं, म्हणून नाव दुधावरून पडलं; मराठीतही 'दुग्धाम्ल' म्हणतात. स्नायूंत ते आहे हे बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसलं. म्हणजे दुधाचं नाव पायांना चिकटलं ते तिथेही नंतरच.

आणि ताई, फेरीनं पाय दुखले त्याचा दोष लॅक्टिक आम्लावर फारसा जात नाही. वीसेक किलोमीटरची वाट आपण रमतगमत, 'बम बम भोले' करत चालतो. श्वास पुरतो, स्नायूंना ऑक्सिजन मिळत राहतो. पांडवलेण्याच्या पायऱ्या एका दमात पळत चढून बघा, मांड्या पेटतात ती वेळ खरी विनॉक्सिश्वसनाची. तेव्हा साठलेलं लॅक्टेटही (शरीरात लॅक्टिक आम्ल याच रूपात असतं) विसावल्यावर तासाभरात बहुतेक निघून जातं. काही हृदयाचा स्नायू इंधन म्हणून वापरतो, काहीचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांची.

आता 'किण्वन'. पेशीत ग्लुकोजचा एक रेणू फुटून पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू होतात आणि पेशीच्या पदरात निव्वळ २ एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे रेणू, पडतात. इथवर ऑक्सिजन लागतच नाही. अडचण पुढे आहे. ग्लुकोज फोडताना निघालेला हायड्रोजन उचलायला एनएडी नावाचा वाहक असतो, आणि पेशीत तो मोजकाच असतो. लासलगावला कांद्याची ट्रॉली रिकामी झाल्याशिवाय शेतावर दुसरी खेप भरता येत नाही, तसं हे. ऑक्सिजन असेल तर तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, हा माल उतरतो आणि उतरता उतरता भरपूर ऊर्जाही देतो. जुना हिशोब एका ग्लुकोजमागे ३८ एटीपीचा होता, हल्ली ३० ते ३२ धरतात. ऑक्सिजन नसेल तर पायरुव्हिक आम्लच तो हायड्रोजन घेतं आणि लॅक्टिक आम्ल बनतं. यीस्टमध्ये त्यातून आधी कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग उरलेलं हायड्रोजन घेऊन अल्कोहोल होतं. हे ट्रॉली रिकामी करणं म्हणजे किण्वन. दहावीचं पुस्तक विनॉक्सिश्वसनाचे 'ग्लुकोज-विघटन' आणि 'किण्वन' असे दोन टप्पे पाडतं ते याचसाठी. २ एटीपी येतात ते पहिल्या टप्प्यात. दुसऱ्यात एकही नाही, पण दुसरा नसेल तर पहिला अडतो. 'किण्वनातून ऊर्जा मिळते' हे वाक्य मुलं सर्रास लिहितात, ते तेवढंसं बरोबर नाही.

शब्द मात्र वाटतो तितका पुस्तकी नाही. 'किण्व' म्हणजे मद्य लावताना घालायचं विरजण. अमरकोशात तो आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावरच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात उडीद, तांदूळ आणि मोरट वगैरे वनस्पती घालून किण्व करायची कृती दिली आहे, आणि त्याच प्रकरणात द्राक्षाच्या रसापासूनच्या मद्याला 'मधु' म्हटलंय. चार्वाकांचा प्रसिद्ध दाखलाही किण्वाचाच: किण्व वगैरे एकत्र आल्यावर जशी मादकता उपजते, तसं महाभूतं देहरूपानं एकत्र आली की चैतन्य उपजतं. दारूच्या गुत्त्यातून दर्शनशास्त्रात गेलेला हा शब्द आपण दहावीच्या पुस्तकात आणून बसवला आणि आता त्याला जडशीळ म्हणतो!

तरी 'आंबणे' का नाही? वायनरीत जाऊन बघा. द्राक्षाचा आंबटपणा टार्टारिक आणि मॅलिक आम्लांचा, म्हणजे तो रसात आधीपासूनच असतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, रस आंबवत नाही. पुढे काही वाइनमध्ये जिवाणूंकडून कडक मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेतात, तेव्हा तर आंबटपणा कमीच होतो. आणि टाकीत हवा शिरून वाइन खरोखर आंबली, तर ती गेली. तिचं व्हिनेगर व्हायला लागलं. शिवाय व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो! म्हणजे 'टाकी आंबली' याचा अर्थ तिथे नेमका उलटा होईल. तिथली माणसं बोलताना 'फर्मेंटेशन' म्हणतात आणि सुटतात. पावाचंही तसंच, पावाचं पीठ फुगतं, आंबट झालं तर बेकरीवाला तोंड वाकडं करतो. वर्तमानपत्रांची आणखी वेगळी तऱ्हा. गावठी दारूच्या भट्टीवर छापा पडला की 'इतके लिटर रसायन नष्ट केले' अशी बातमी येते. ते रसायन म्हणजे पिंपात फसफसत असलेलं गुळाचं पाणी.

इडली, ढोकळा, आंबील, कुरडईसाठी भिजत घातलेले गहू: इथे आम्ल खरोखर तयार होतं, तेव्हा खुशाल आंबवा. तिथे 'किण्वन' लिहिणारी पाककृती मी पुढे वाचत नाही.

'विनॉक्सिश्वसन' हे किण्वनासाठी वापरायलाही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नाकं मुरडतात. चिखलातले काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट किंवा सल्फेट वापरून खरंखुरं श्वसन करतात. त्यांच्या लेखी विनॉक्सिश्वसन ते. त्यात यीस्टचा खोडसाळपणा असा, की साखर मुबलक असली तर ऑक्सिजन समोर असूनही ते अल्कोहोल करत बसतं. मुलानं मात्र परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं.

आणि हा शब्द फोडून बघितलात का? विना + ऑक्सि. 'ऑक्सि' हे ग्रीक, अर्थ आंबट, तीक्ष्ण. सगळी आम्लं या वायूमुळेच होतात असा लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा समज होता, म्हणून त्यानं 'ऑक्सिजन', म्हणजे आम्ल जन्माला घालणारा, हे नाव ठेवलं. समज चुकीचा निघाला, नाव राहिलं. बंगालीनं त्याचं थेट 'अम्लजान' केलं. मराठीनं 'प्राणवायू' म्हणून ती चूक टाळली. पण विनॉक्सिश्वसनाच्या दारातून ती परत घरात आली: शब्दशः 'आंबटाविना श्वसन', आणि त्यातून स्नायूत होतं काय, तर आम्ल.