कायमची तिन्हीसांज

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं परग्रहावरच्या देखाव्याचं चित्र मिळालं. तीन दिवस टेबलावर उभं करून ठेवलंय, येताजाता बघतो. लालभडक सूर्य, त्याच्या शेजारी थाळीएवढा गोल ग्रह, निळंशार आकाश, खाली हिरवी झाडी. पातळ रंगाचा वॉश सुरेख उतरलाय, आणि लांबच्या डोंगराची कड तर मला हेवा वाटावा अशी. पण तू विचारलंयस, "सर, खरं वाटतं का?" नाही वाटत. का, ते सांगतो.

आधी माझी फजिती ऐक. तिशीत असताना गोदाघाटाचं एक मोठं जलरंगचित्र केलं होतं. सूर्य नुकताच टेकलेला, पाण्यावर केशरी झळाळी. वरचा कोपरा रिकामा वाटला म्हणून तिथेच पुनवेचा चंद्र ठेवून दिला. प्रदर्शनात घाटावर फुलं विकणाऱ्या एक आजी आल्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, पुनवेचा चंद्र सूर्याच्या मांडीवर कसा बसलाय हो?" जन्मभर संकष्टी केलेली बाई ती. चतुर्थीच्या चंद्रासाठी रात्री नऊपर्यंत ताटकळावं लागतं, पुनवेचा चंद्र सूर्य बुडताना त्याच्या समोरून उगवतो, आणि सूर्याला जाऊन चिकटतो तो अमावास्येचा, हे तिला पोटाने माहीत होतं. मला डोळ्यांनीसुद्धा नव्हतं.

तुझ्या चित्रात तीच चूक आहे. तू रंगवलेला सूर्य म्हणजे ट्रॅपिस्ट-१ हा तारा, आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती सात ग्रह आहेत हे २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि ते सातही एकमेकांना खेटून फिरतात. तू उभी आहेस तो चौथा, 'ई'. त्याच्या आतला 'डी' आणि बाहेरचा 'एफ' अगदी जवळ येतात तेव्हा आपल्या चंद्राएवढे दिसतील. थाळीएवढे नाहीत. त्यातही 'डी' जवळ येतो तेव्हा तो तुझ्या आणि सूर्याच्या मधे असतो, म्हणजे त्याची अंधारी बाजू तुझ्याकडे. 'एफ' पूर्ण गोल दिसेल, पण सूर्याच्या बरोबर उलट दिशेला. गोल ग्रह हवा असेल तर सूर्य चौकटीबाहेर काढ. दोन्ही हवेच असतील तर ग्रहाची कोर काढ.

तू म्हणशील, हे कुणी बघितलंय? कुणीच नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा उजेड एक टक्क्याहूनही कमी घटतो. त्या घटीवरून आणि तिच्या वेळेतल्या किंचित मागेपुढे होण्यावरून ग्रहाचा आकार, वस्तुमान आणि वर्षाची लांबी कळते. रंग एकही कळत नाही. म्हणूनच तिथे आपल्यासारख्यांना जागा आहे. पण जागा मिळाली म्हणून वाटेल ते भरायचं नाही. एक थाप मारायची मुभा, आणि मग त्या थापेचा सगळा हिशोब चुकता करायचा. 'ई'वर हवा आहे, ही तुझी थाप मला मान्य. (सगळ्यात आतल्या 'बी'वर दाट हवा दिसत नाही, असं जेम्स वेब दुर्बिणीच्या मोजमापावरून २०२३ मध्ये पुढे आलं, पण 'ई'चा निकाल त्यावरून लागत नाही.) आता हिशोब कर.

लालभडक रंग पहिला पुसून टाक. त्याला 'लाल खुजा तारा' म्हणतात, एवढ्यावर जाऊ नकोस. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २,३०० अंश सेल्सियस. आजीच्या माजघरात असायचा तो पिवळा बल्ब आठव, त्याची तार याहून थोडीशीच जास्त तापते. म्हणजे तुझा सूर्य लालभडक व्हर्मिलियन नव्हे, बल्बसारखा पिवळट केशरी. तसा एक बल्ब अजून मिळतो का बघ. खोली बंद कर, त्याच्या उजेडात कोथिंबिरीची जुडी, टोमॅटो आणि निळ्या शाईची बाटली मांड आणि दहा मिनिटं नुसती बस. पांढरा कागद पांढराच वाटू लागेल, कारण डोळा जुळवून घेतो. पण निळी शाई काळवंडेल आणि कोथिंबीर शेवाळी दिसेल. आकाश निळं व्हायला मुळात उजेडात निळा पुरेसा लागतो. तो इथे कमी, म्हणून आकाश फिकट, पांढुरकं-पिवळसर ठेव. झाडं हवीच असतील तर काळपट कर, मिळेल तो सगळा उजेड शोषायला अशी पानं सोयीची असतील असा तर्क शास्त्रज्ञांनीही केलाय. या ताऱ्याची बरीचशी ऊर्जा अवरक्त, न दिसणारी. म्हणजे चुलीपुढे बसल्यासारखी ऊब लागेल, आणि उजेड मात्र आषाढात भरून आलेल्या दुपारइतका.

आता सावल्या. हा ग्रह बहुधा ताऱ्याकडे कायम एकच तोंड करून फिरतो. असं असेल तर तिथे सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही. उजेड-अंधाराच्या सीमेवर उभी राहिलीस तर कायमची तिन्हीसांज. सावल्या लांबलचक, आणि कधीच न सरकणाऱ्या. दगडामागे जिथे सावली पडली तिथे ती किती हजार वर्षं पडून असेल! तिथे बर्फ साचलेला दाखवलास तर मी मान डोलावेन. सूर्यही आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसतो, म्हणून सावलीची कड मऊ ठेव. तुझ्या चित्रातल्या सावल्या दुपारी बाराच्या आहेत, कोयत्याने कापल्यासारख्या. (वर्ष म्हणशील तर जेमतेम सहा दिवसांचं. आपल्या एका वर्षात तिथे साठ. बाळाच्या पहिल्या वाढदिवसालाच साठीशांत!)

एवढं करूनही चुकशील, त्याची लाज नको. १९४४ मध्ये चेस्ली बोनस्टेल या चित्रकाराने शनीच्या टायटन या चंद्रावरून शनी कसा दिसेल ते रंगवलं, 'लाइफ' मासिकात ते छापूनही आलं. निळ्या आकाशात लखलखीत शनी. टायटनवर हवा आहे हेही त्याच वर्षी जाहीर झालं. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यान जवळून गेलं तेव्हा दिसलं नुसतं नारिंगी धुकं. २००५ मध्ये हायगन्स यान तिथे उतरलं, आकाश नारिंगीच. पण त्याने पाठवलेला जमिनीचा फोटो शोधून बघ. गोल गोल गोटे, उन्हाळ्यात आटलेल्या गोदेच्या पात्रात असतात तसे. ते गोटे बर्फाचे, आणि त्यांना घासणारा प्रवाह द्रवरूप मिथेनचा. पदार्थ वेगळे, घासणं तेच.

म्हणून जमिनीसाठी लांब जाऊ नकोस. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचे, मंगळावरही बेसॉल्ट, आणि आपल्या नाशिकची पांडवलेणी कोरली तीही त्यातच. एखाद्या सकाळी अंजनेरीला जाऊन लाव्ह्याच्या थरांच्या पायऱ्या नीट उतरवून आण. तुझ्या डोंगराची कड सुंदर आहे, पण तो कशाचा बनलाय ते तिला ठाऊक नाही.

आणखी एक. तुझ्या चित्रात आपल्या गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखं माप नाही. पूर आला की आपण काय विचारतो? पाणी मारुतीच्या कुठवर आलं? क्युसेकचा आकडा नंतर. अनोळखी जागेतही असं एखादं माप लागतं, नाहीतर डोंगर आहे की ढेकूळ ते कळत नाही.

हे चित्र आता सोड. पुढचं 'संतमस'चं कर. २०१९ मध्ये भारताने एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरींवरून 'बिभा' हे नाव दिलं, आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस'. गुरूसारखा वायूचा गोळा, वर्ष दोन दिवसांचं. तिथे पाय टेकायला जमीनच नाही, तेव्हा बघणारी कुठे आहे ते आधी ठरव आणि मग ब्रश भिजव.

शनिवारी साडेपाचला घाटावर ये. रंग नकोत, पेन्सिल पुरे. त्या आजी आता नाहीत, पण त्यांची नात तिथेच फुलं घेऊन बसते. चित्र आधी तिला दाखवू.

तुझा,
सर