पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशात परदेशी माणसाला जमीन विकत घेता येते का?

नाही, मालकी हक्काने घेता येत नाही. भाडेपट्टा मिळतो, तोही जास्तीत जास्त ७५ वर्षांचा. १९८० साली ब्रिटिश-फ्रेंच संयुक्त राजवट संपली, तेव्हा राज्यघटनेच्या कलम ७३ ने देशातली सगळी जमीन परंपरागत मूळ मालकांची आणि त्यांच्या वंशजांची ठरवली. मालक नेमका कोण, हा वाद आता गावच्या नकामालमध्ये, म्हणजे पारंपरिक सभाघरात सुटतो. पूर्वी वादातल्या जमिनीचा पट्टा जमीनमंत्रीच सही ठोकून देऊन टाकत (गैरव्यवहाराचं मूळ तेच!), २०१३ च्या सुधारणांनी तो अधिकार काढून घेतला. अर्थात कायदा कडक असला, तरी राजधानी पोर्ट व्हिलाच्या आसपासची बरीचशी किनारपट्टी त्याआधीच पट्ट्याने गेली होती.