दुधाची दाढ पडणारच असेल, तर तिचे रूट कॅनल कशासाठी करायचे?

आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या खालच्या, सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेला खोल कीड लागली आहे, डॉक्टरांनी ‘रूट कॅनल’ सांगितले आहे, आणि नाहीतरी पडणारी दाढ सरळ काढून का टाकू नये, असे आपण विचारले आहे. मी लहान मुलांच्या दातांवरच उपचार करतो आणि हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकतो. तो अगदी रास्त आहे.

दाढ पडणार हे खरे, पण केव्हा ते आधी पाहावे. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, मागची दाढ मात्र साधारणपणे 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात असते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या लगेच मागे पहिली कायमची दाढ येते आणि तिच्याच आधाराने आपल्या जागी स्थिरावते. दुधाची दाढ त्याआधी काढली, तर कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची, म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताची, जागा अडते. जागा राखणारी तारेची चौकट बसवता येते. परंतु कायमची दाढ अजून हिरडीत असताना त्या चौकटीचा एक भाग हिरडीच्या आत ठेवावा लागतो, आणि ती सांभाळणे लहान मुलाला सोपे नसते. म्हणून वाचण्याजोगी दाढ वाचवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्दा. दुधाच्या दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, कायमच्या दाताच्या मानाने साधारण निम्म्या जाडीचे असते आणि आतला पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या व नसा असलेला मऊ गर, दाताच्या आकाराच्या मानाने मोठा असून पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे वरून बारीक दिसणाऱ्या छिद्राची कीड आत गरापर्यंत पोहोचलेली असू शकते. अशा दाढेसाठी ‘रूट कॅनल’ या एकाच शब्दाने दोन वेगळे उपचार सांगितले जातात, आणि आपल्या डॉक्टरांना त्यांपैकी कोणता अभिप्रेत आहे, हे आपण अवश्य विचारावे.

थंड किंवा गोड खाताना कळ येऊन लगेच थांबत असेल, सूज किंवा पू नसेल आणि एक्स-रेमध्ये मुळांभोवतीचे हाड शाबूत दिसत असेल, तर संसर्ग बहुधा दाढेच्या वरच्या भागातल्या गरापुरताच असतो. तेव्हा तेवढाच गर काढून मुळांतला निरोगी गर जिवंत ठेवतात, ही पल्पोटॉमी. याउलट मूल रात्री ठणक्याने जागे होत असेल किंवा हिरडीवर पुवाचा फोड आला असेल, तर मुळांपर्यंतचा सगळा गर साफ करणारी पल्पेक्टॉमी करावी लागते.

तरीही पक्का निर्णय दाढ उघडल्यावरच होतो. वरचा गर काढल्यावर ओल्या कापसाचा बोळा काही मिनिटे दाबून धरतो. रक्त थांबले, तर मुळांतला गर सुदृढ असल्याची ती चांगली खूण असते. गडद रक्त वाहतच राहिले, तर सूज खाली उतरली आहे असे समजून उपचार बदलावा लागतो. डॉक्टरांनी मध्येच बेत बदलला, तर पालकांना फसवल्यासारखे वाटते, म्हणून हे मी आधीच सांगून ठेवतो. पल्पोटॉमीत उरलेल्या गरावर पूर्वी फॉर्मोक्रेसॉल हे औषध लावत असत. त्यात फॉर्मॅल्डिहाइड हे विषारी रसायन असल्याने मी एमटीए हे सिमेंटसारखे औषध पसंत करतो. ते महाग असते, पण त्याखाली गर जिवंत राहतो.

पल्पेक्टॉमीत मुळांमध्ये काय भरतात, यातच मोठ्यांच्या रूट कॅनलशी असलेला खरा फरक आहे. मोठ्यांमध्ये गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतात. तो शरीरात विरघळत नाही. दुधाच्या दाढेची मुळे मात्र कायमचा दात वर येताना झिजून नाहीशी व्हायची असतात, म्हणून त्यांच्याबरोबर विरघळणारी आयोडोफॉर्म किंवा झिंक ऑक्साइडची पेस्ट भरतात. दाढ त्यामुळे बहुधा वेळेवरच पडते.

उपचारानंतर स्टीलची कॅप सांगितली, तर ती टाळू नका. दोन्ही उपचारांत दाढ वरून पोखरली जाते, आणि नुसते सिमेंट भरले तर ती फुटण्याची किंवा कडेने जंतू पुन्हा आत शिरण्याची शक्यता वाढते.

मात्र मुळांमधले हाड बरेच झिजले असेल, दाढ हलत असेल, किंवा कॅप धरण्याइतका भागही शिल्लक नसेल, तर मीही ती काढण्याचाच सल्ला देतो, कारण तिथला जुनाट संसर्ग खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या एनॅमलवर डाग किंवा खळगे पाडू शकतो.

उपचाराच्या दिवशी दोन-तीन तास मुलावर लक्ष ठेवा. ओठ बधिर असल्यामुळे मुले तो चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजलेला दिसतो. पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. मुळांमधल्या हाडात बिघाड सुरू झाला, तर तो दुखण्याआधी एक्स-रेमध्येच दिसतो.